विश्वास राहिला नाही, आता रविवारी जायचं कुठे? (नागपूर)

रविवार_सकाळ:
नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहिते. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी नागपूरची, वय २९, मराठी ख्रिस्ती घर. आजोबांच्या काळापासून आमचं सगळं मंडळीभोवतीच, म्हणजे आमच्या चर्चभोवती. पप्पा कमिटीवर, आई महिला मंडळात, मी सात वर्षं संडे स्कूल घेतलं, क्वायरमध्ये गायली. कोणाची जबरदस्ती नव्हती, मी मनापासून मानायची, प्रार्थना केल्याशिवाय झोप यायची नाही मला.

तीनेक वर्षांपूर्वी मुलांना बायबलमधली मिसरातल्या (इजिप्तच्या) दहा पीडांची गोष्ट सांगत होती, शेवटची पीडा म्हणजे प्रथम जन्मलेले सगळे मरतात ती. सात वर्षांची एक पोरगी म्हणाली, टीचर त्या बाळांनी काय केलं होतं? मी ठरलेलं उत्तर दिलं की फारोनं, म्हणजे तिथल्या राजानं, मन कठीण केलं म्हणून. ती म्हणे, पण बाळ तं फारो नव्हते ना. घरी येऊन बायबलमधलं निर्गमचं पुस्तक परत वाचलं, तर तिथे तर लिहिलंय की फारोचं मन देवानंच कठीण केलं. हे मी आधी कितीदा वाचलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग ते थांबलंच नाही, एकेक प्रश्न निघत गेला, मी पाळकांनाही विचारलं, ते चांगले माणूस आहेत, रागावले नाहीत, पण उत्तर शेवटी "विश्वास ठेव" इथेच यायचं. मागच्या नाताळपर्यंत माझ्या लक्षात आलं की आता काहीच उरलं नाही.

आईला सांगितलं. ती रडली आणि दोन गोष्टी बोलली त्या डोक्यातून जात नाहीत. एक, आपण आधीच मूठभर, त्यात तूही गेली तर कसं. दुसरी, तुझं लग्न कोण लावेल आणि उद्या तू गेलीस तर तुला माती कुठे देतील. पप्पांना अजून माहीत नाही, त्यांना वाटते मी ऑफिसमुळे थकून येत नाही.

आधार शोधायला एका विवेकवादी लोकांच्या बैठकीला गेली होती इथेच. विषय बुवाबाजीचा होता, छान बोलले लोक. पण चहाच्या वेळी मी सांगितलं की मी ख्रिस्ती घरातली आहे आणि सोडलं, तर एक काका खुश होऊन म्हणे, म्हणजे मूळ घरी परत आलीस! मला इतकं वाईट वाटलं. मी कुठे परत नाही आली हो. मी माझ्या आईच्या लोकांवर कोणाला दगड मारायला देणार नाही.

आणि शेवटचं म्हणजे रात्री दोन-दोनला जाग येते, नरक खरा असला तर, असं वाटून छाती धडधडते. डोकं म्हणते नाही, शरीर ऐकत नाही. हे कोणाला झालंय का? कसं निभावलं? नागपुरात असं कोणी आहे का ज्यांच्याशी नुसतं बसून बोलता येईल?

जुना_सदरकर:
हो झालंय, आणि जाते. मी कॅथलिक घरातला, आता चोपन्नचा आहे, पंचविशीत सोडलं. ती रात्रीची भीती मला साधारण दोन वर्षं यायची, मग कधी बंद झाली कळलंही नाही. लहानपणी जे अंगात मुरलं ते नुसत्या वादानं निघत नाही, त्याला वेळ लागते, म्हणून भीती वाटली म्हणजे आपण अजून मानतो असा अर्थ काढू नका. मी तो अर्थ काढायचो आणि उठून गुपचूप जपमाळ करायचो, सकाळी स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, हे कोणीतरी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

घरच्यांचं म्हणाल तर माझी चूक सांगतो. मी ईस्टरच्या जेवणावर सगळ्या खानदानासमोर जाहीर केलं. वाटलं प्रामाणिकपणा आहे. आई ताटावरून उठली, सहा महिने नीट बोलली नाही. आज करायचं असतं तर वडिलांना एकट्याला फिरायला नेऊन सांगितलं असतं. तुम्ही आईला आधी सांगितलं ते बरोबर केलं. पप्पांना दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका एवढंच.

वडील गेले तेव्हा मी खांदा दिला, मिस्साला पहिल्या बाकावर बसलो, प्रार्थनेला मान खाली घालून उभा राहिलो. तो त्यांचा दिवस होता. मला त्यात खोटं काही वाटलं नाही.

आईच्या दोन प्रश्नांचं: लग्न १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली होते, आमचं तसंच झालं, धर्म कोणता हा प्रश्नच येत नाही त्यात. नोटीस द्यायची, तीस दिवस ती ऑफिसात लागलेली राहते, मग तीन साक्षीदार. नोटीस लागते म्हणजे कोणीही वाचू शकते, तेवढं घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि मातीचं म्हणाल तर मी देहदानाचा फॉर्म भरलाय, मेडिकलला अ‍ॅनाटॉमी विभागात. पण फॉर्म भरून होत नाही, आपण गेल्यावर फोन घरच्यांनाच करावा लागते, तेव्हा त्यांचं मन तयार असलं पाहिजे. माझ्या बायकोला हे पटायला चार वर्षं लागली. तुमच्या वयात घाई काहीच नाही, पण आईला एवढं सांगता येईल की तुझी लेक बेवारस पडणार नाही.

भीमाची_लेक:
ताई, आधी त्या काकांसाठी मी माफी मागते, मी पण अशा बैठकांना जाते. असं बोलणारे भेटतात. तुझं सोडणं त्यांना त्यांच्या झेंड्याला लावायचं असते.

एक गोष्ट सांगू का, अंधश्रद्धा निर्मूलन समितीत गेलं म्हणजे सगळे नास्तिकच भेटतील असं नाही. इथे दोन आहेत, श्याम मानवांची अखिल भारतीय, ती १९८२ पासून, नागपूरचीच, आणि दाभोलकरांची महाराष्ट्र अंनिस १९८९ ची. दाभोलकर कायम सांगायचे की आमचा देवा-धर्माला विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आहे. तिथे वारकरीही येतात, चर्चला जाणारेही येतात. काम मोठं आहे, त्यासाठी दाभोलकरांचा जीव गेला २०१३ मध्ये, पण धर्म सोडलेल्या माणसाचं एकटेपण ऐकणं हे त्यांचं मुख्य काम नाही. तू चुकीच्या दारात गेली असं नाही म्हणत मी, पण तिथे एकदोन माणसं हेरायची, अख्ख्या बैठकीकडून अपेक्षा करायची नाही.

आमच्या घरी आजोबा १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, तेव्हा धर्म सोडणं म्हणजे काय हे मला ऐकून माहीत आहे. पण त्यांच्यासोबत लाखो लोक होते गं! सगळी वस्तीच सोबत निघाली. तू एकटी निघाली, हे त्याहून अवघड आहे. मी तुला बुद्धाकडे ये म्हणणार नाही. रविवारी माझ्यासोबत पोहे खायला ये म्हणते.

विश्वासू_भाऊ:
मी विश्वासी आहे आणि याच शहरातल्या मंडळीत आहे, तरी लिहितो. ताई, तुमच्या वर्गातल्या पोरीनं विचारलेला प्रश्न मलाही पडतो आणि माझ्याकडेही उत्तर नाही, मी तो प्रश्न घेऊनच बसतो उपासनेला. तुमच्यासाठी प्रार्थना करतो असं इथे म्हणणार नाही, तुम्हाला ते आता नको असेल. पण संडे स्कूलच्या टीचरला सात वर्षांनंतर मंडळीनं विसरून जावं हे मला मान्य नाही. क्वायरमधल्या मैत्रिणींना तुम्ही स्वतः फोन करून पहा, बऱ्याचदा लोक रागानं नाही, काय बोलावं हे न सुचल्यामुळे गप्प राहतात.

कागदपत्रवाला:
कायद्याचं एक जोडतो. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कुठलाच धर्म न मानण्याचा हक्क येतो, आणि सरकार कोणावर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे की याचिका करणारे येशूला मानणारेच होते, त्यांना फक्त कागदावर धर्माचा शिक्का नको होता. तुम्हाला लगेच काही बदलायची गरज नाही. नाव तेच ठेवा, आडनाव तेच ठेवा.

रात्रीच्या धडधडीसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. अमेरिकेत रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन म्हणून एक संस्था आहे, डॅरेल रे या मानसशास्त्रज्ञानं २००९ ला सुरू केलेली, तिथे धर्म सोडणाऱ्याचं नुसतं ऐकून घेतात, मत बदलवायला जात नाहीत. पण बहुतेक इंग्रजीतच. आई, मंडळी, माती हे त्यांना समजावून सांगण्यातच अर्धा तास जाईल.

रविवार_सकाळ:
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. सदरकर काका, ती जपमाळेची गोष्ट वाचून मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडली. मीही करते तसंच, गुपचूप "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते आणि मग स्वतःला कोसते.

विश्वासू भाऊ, तुमचं ऐकून काल क्वायरच्या सोप्रानोतल्या (वरच्या सुरात गाणाऱ्या) एकीला फोन केला. ती म्हणे आम्हाला वाटलं तूच आमच्यावर रागावली. पाऊण तास बोललो, देवाबद्दल एक शब्द नाही. नाताळच्या कॅरलला येशील का विचारलं तिनं. मी हो-नाही काहीच बोलली नाही अजून. मला ती गाणी फार आवडतात आणि शब्द तोंडातून निघतील का ते माहीत नाही.

पप्पांना सांगायचं आहे, या महिन्यात सांगीन, फिरायला नेऊनच.

भीमाची लेक, पोहे नक्की. आईला रविवारी नऊला चर्चच्या गेटवर मीच सोडते, ते मी बंद केलं नाही आणि करणारही नाही. तिथून निघून साडेनऊपर्यंत महाराजबागेच्या गेटवर येते. साडेअकराला तिला घ्यायला परत जायचं आहे. गाडी पांढरी, हेल्मेट लाल.

भीमाची_लेक:
पोचते. तर्री जास्त सांगू का कमी?