अरबी-स्पॅनिश दुभाषा? छे, इंग्रजीवर भागवा म्हणे!

तालीमवाला: काल इथंच एकानं लिहिलंय, "इराकी कवी आणि स्पेनची नाटकमंडळी कोल्हापुरात आठवडाभर बसणार, तर अरबी-स्पॅनिश दुभाषा हुडकायचा खटाटोप कशाला? मधे इंग्रजी घ्या, फोन आहेच." भावा, मस्कतला सहा वर्षं काढलीत मी. साहेब म्हणायचा 'बुक्रा, इन्शाल्ला', म्हणजे देवाच्या मनात असलं तर उद्या; दुभाषा सांगायचा "उद्या नक्की". तीन महिन्यांचा पगार त्या 'नक्की'त अडकला. स्पॅनिशमध्ये त्याच मुशीतला 'ओहाला' आहे, म्हणजे 'देव करो नि तसं होवो', अरबीतनंच गेलेला. इंग्रजीत घातलं की देवही जातो नि धाकधूकही.

शाहूपुरीकरीण: पगाराचं वाईट वाटलं, पण दोष भाषेचा का साहेबाचा? बाराव्या शतकात स्पेनच्या तोलेदो शहरात अनुवादाचं काय चालायचं? एकजण अरबी वाचून तिथल्या बोलीत सांगायचा, दुसरा लॅटिनमध्ये उतरवायचा. मधली भाषा होतीच की! आपलं पंचतंत्रसुद्धा पहलवी म्हणजे जुनी फारसी, मग अरबी असं हिंडत १२५१ च्या सुमाराला कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये पोचलं. कुठं काय अडलं?

तालीमवाला: पंचतंत्रातल्या करटक-दमनक कोल्ह्यांचं वाटेत 'कलीला-दिम्ना' झालं, आणि म्हणे अडलं नाही! शिवाय तोलेदोतले दोघं शेजारी बसायचे, अडलं की विचारायचे. फोनला काय विचारणार, डोंबल?

पेठेतला मास्तर: अहो, कवी कुठला ते तरी बघा. उत्तर मोरोक्कोत, तेतुआनकडं, दोन्ही भाषा येणारे भेटतील. १९५६ पर्यंत तिथं स्पेनचाच अंमल होता. पण त्यांची बोली, दारिजा, निराळी, बगदादची बोली निराळी. कविता फुस्हात, म्हणजे प्रमाण लेखी अरबीत, असली तर शिकलेला कुणीही वाचेल. चहाच्या वेळच्या गप्पा कोण सांगणार?

रंकाळ्याकाठी: बोलीचं काढलंत म्हणून विचारतो, सिरियलमधलं कोल्हापुरी लिहितं कोण? दर वाक्याला 'नाद खुळा'! आमची आज्जी नव्वदीत गेली, एकदाही म्हणाली नाही.

शाहूपुरीकरीण: अगदी! मी तर कंटाळलो. आम्ही बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतो. सिरियलमध्ये त्याचं 'आले, जेवले' होतंय आणि शिव्या तेवढ्या आमच्या ठेवतात.

डेक्कनवासी: मी संवाद लिहितो. सगळ्या महाराष्ट्राला कळायला नको का? उगाच अस्मिता!

रंकाळ्याकाठी: आलं पुणं शिकवायला! कळत नसलं तर नागपुरी लिहा, आम्हाला सोडा.

डेक्कनवासी: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

रंकाळ्याकाठी: मग बोलतायसा कशाला?

तालीमवाला: थांबा, थांबा. शाहूपुरीच्या ताई, मधला माणूस बोलीची वाट लावतो, हे आत्ता तुम्हीच बोललासा.

शाहूपुरीकरीण: बरं बाबा, जिंकलास, घाल फेटा. आता माणूस आणून दाखव. तोलेदोत आजही अनुवादकांची शाळा आहे, अरबी-स्पॅनिशचं काम करते. तिथं मेल टाक. इराकी बोली समजणारा पाहिजे आणि यायच्या आधी कविता वाचून यायला पाहिजे, हे आधीच लिही. बिल तुझ्या तालमीच्या नावावर.

तालीमवाला: टाकतो की. पण मेल स्पॅनिशमध्ये लिहून कोण देणार?

शाहूपुरीकरीण: इंग्रजीवर भागव.