मदत हवी आहे: तरुण संघाचा ३० तासांचा उपास, करावा की नको?

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा चर्चचा तरुण संघ मी बघते. मुलं २६, वयं १३ ते १९. लेंटमधल्या (ईस्टरआधीचा उपासकाळ) एका शनिवार-रविवारी हॉलमध्ये मुक्काम करून उपास करायचं पोरांनी मनावर घेतलंय. कल्पना मूळची कॅनडातली, मावसबहीण तिकडे असते तिच्याकडून कळली. १९७१ मध्ये कॅलगरीतल्या काही तरुणांनी जगातल्या उपासमारीसाठी असा उपास केला, पुढे वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेने तो देशोदेशी नेला. ऑस्ट्रेलियात तोच ४० तासांचा असतो. आमचा बेत शनिवारी दुपारी १२ ते रविवारी संध्याकाळी ६. फक्त पाणी आणि लिंबू सरबत, शेवटी प्रीतिभोजन. ओळखीपाळखीतून ताशी १० रुपये जमवायचे. पाळकसाहेबांची हरकत नाही.

उपास आम्हाला नवा नाही, महिन्याची उपास-प्रार्थना असतेच. पण ती दुपारी आटोपते, आणि मोठ्या माणसांची असते.

एका मुलाला टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. तो जेवणारच, पण "मी एकटाच डबा उघडून बसू का?" म्हणतोय. एक १४ वर्षांची म्हणाली, "बरंच झालं, वजन उतरेल." ते मला अजिबात आवडलं नाही. त्यात मार्चअखेरचं ऊन.

पण झोप उडवलीय ती वेगळ्याच गोष्टीने. एका मुलाची आई ऊसतोडीला जाते, तेव्हा तो आजीकडे असतो. संडे स्कूलनंतर पोहे असतात. तो दुसरी प्लेट मागत नाही, सगळे पांगले की पातेलं पुसून खातो. उपासाला पहिलं नाव त्याचंच आलं. हसत म्हणाला, "ताई, मला सोपं जाईल." तेव्हापासून तयारीला हातच लागत नाहीये माझा.

शिवाय कमिटीतले एक आजोबा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलीय, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर (कोरडा पौष्टिक खाऊ) दिवस काढलेत. पावतीपुस्तकाचा नमुना बघून म्हणाले, "आम्ही काय पावत्या छापून उपाशी राहिलो नव्हतो." सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर टोचलं.

रद्द करू? बदलायचं तर कसं? कोणी असं काही केलं असेल तर सांगा. (धर्मावर वाद नको, प्लीज. त्यासाठी बाकीचे धागे आहेत.)

प्रतिसाद १
मी नर्स आहे. वाढत्या वयाच्या पोरांना ३० तास उपाशी ठेवू नका, तेही या उन्हात. फार तर शनिवारचं रात्रीचं जेवण सोडा, तेही ज्याला झेपेल त्यानेच, आणि आईवडिलांना विचारून. इन्सुलिनवाल्या मुलाला यात धरूच नका, त्याच्या खाण्याच्या वेळा डॉक्टर सांगतील तशा. वजनवालीशी एकटीला घेऊन बोला, सगळ्यांसमोर नको.

प्रतिसाद २
अंगणवाडीच्या कामात बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगते. कागदाची पट्टी ११.५ सेंटिमीटरवर कापायची आणि टोकाला टोक जुळवून कडं करायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर यापेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित. पोरांना ते कडं हातात घेऊन बघू दे, बहुतेकांची तीन बोटंही त्यात जेमतेम जातील. भाषण करावं लागणार नाही.

दुसरं, रेशनवर प्राधान्य कुटुंबाला (कमी उत्पन्नवाल्यांचा रेशनचा गट) माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. रविवारी प्रत्येकाला तेवढंच मोजून द्या आणि त्यातच दोन वेळा भागवायला सांगा. तेल, डाळ, गॅस कुठून आणायचा हे त्यांनाच विचारा.

प्रतिसाद ३
आजोबांना नुसतं कमिटीत काय बसवता? त्यांनाच बोलू द्या. आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव काही लांब नाही. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले, त्या स्वतः तेव्हा विशीच्या आतच होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून सांभाळल्या. कॅलगरीचं कौतुक आहेच, पण हे दौंड तालुक्यात घडलंय.

त्या मुलाबद्दल: त्याला उदाहरण करू नका, "आपल्यातलेच काही जण" वगैरेही म्हणू नका, पोरांच्या लगेच लक्षात येतं. पोह्यांचं पातेलं मोठं करा. बस.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ३० तास रद्द. पोरं थोडी हिरमुसली, एकाने "मग कॅनडाला काय सांगायचं?" विचारलं. शनिवारी रात्री ज्यांना जमेल ते जेवण सोडतील, रविवारी सगळे रेशनच्या मापात एकत्र जेवतील, त्यामुळे मधुमेहवाल्याचा डबा वेगळा दिसणार नाही. त्याला लागेल ते जास्तीचं त्याच्या आईने ठरवून दिलंय. ताशी दहा रुपये काढून टाकले. आता जो तो एका जेवणाचे पैसे घालेल, आणि ते ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांच्या जेवणाला जातील. कोणती घरं ते मी आणि पाळकसाहेब सोडून कोणाला कळणार नाही.

पातेलं या रविवारीच मोठं आणलं. उरलेले पोहे सगळ्यांनाच कागदात बांधून दिले.

आजोबा बोलायला तयार झालेत, पण अट घातलीय की त्या दिवशी सुकडी झालीच पाहिजे, "नुसतं ऐकून काय कळणार." बहात्तरला कामावर मिळायची तशी सुकडी कोणाच्या घरी अजून करतात का? २६ पोरं आणि आजोबा धरून प्रमाण सांगा.