मदत हवी आहे: तहकूब सभेला इंग्रजीत नेमके काय म्हणावे?

तासगाव तालुक्यातील आमच्या सहकारी संस्थेच्या इतिवृत्ताचे इंग्रजी भाषांतर मी बँकेसाठी करीत आहे. विशेष सर्वसाधारण सभेला कंपनी कायद्यातला ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ हा शब्द न घेता, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७६ मधील ‘स्पेशल जनरल मीटिंग’ हाच ठेवला आहे आणि तो मला योग्य वाटतो. अडले आहे ते या वाक्यापाशी: “गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली.” शब्दकोशांतून ‘अ‍ॅडजर्न’ आणि ‘पोस्टपोन’ दोन्ही मिळाले, परंतु सभासद जमले होते, हजेरीवर सह्याही झाल्या होत्या, त्यामुळे ‘पोस्टपोन’ पटत नाही. मराठी शब्द रोमन लिपीत तसाच ठेवणे बँकेला चालणार नाही. अशा वेळी पुन्हा भरलेल्या सभेला ‘अ‍ॅडजर्न्ड मीटिंग’ म्हणावे की ‘रिकन्व्हीन्ड मीटिंग’?