मारुती इकोचा सायलेन्सर चोरीला गेलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. रात्री दहानंतर इथे चिटपाखरू नसतं, आणि चोरांचं तिथेच फावतंय. आधी सायकली गेल्या, मग शेजारच्या काकांच्या गाडीची काच फोडून बॅग नेली. परवा माझ्या इकोचा सायलेन्सरच काढून नेला. सकाळी गाडी सुरू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज! त्यातल्या कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) प्लॅटिनम, पॅलेडियम हे महागडे धातू असतात, म्हणून त्याला भाव. नव्याचा खर्च ऐकून बायको म्हणाली, गाडीच विकून टाका.

चौकीत नुसता तक्रार अर्ज घेतला. विमावाले एफआयआर मागतायत. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइन देऊन ३ दिवसांत सही करता येते. कोणी प्रत्यक्षात केलंय का? क्लेम घेतला तर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाणार, तरी परवडतो का?

सायलेन्सरला लोखंडी जाळी वेल्ड करून घेतात, ती टिकते का? आणि रात्री नंबरप्लेट वाचता येईल असा कॅमेरा कुठला? सगळे स्वतंत्र बंगले, त्यामुळे वॉचमनच्या वर्गणीचा विषय निघाला की निम्मे लोक गप्प. त्यांना कसं तयार करायचं, तेही सांगा. ‘सावध राहा’ एवढंच सांगू नका, ते भरपूर ऐकून झालंय.