पनीर खड्ड्यात, पुरावा बाटलीत

भेसळीच्या संशयावरून धाडीत पकडलेला माल लगेच नष्ट केला की लोक विचारतात, "पनीर लगेच खड्ड्यात पुरलं, मग सिद्ध काय करणार?" प्रश्न रास्त आहे. पण पुरण्याआधी नमुना काढलेला असतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग होतात, सीलबंद बाटल्यांत. एक तपासणी करणाऱ्या अन्न विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, चौथा दुकानदाराने मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, असं कायदा म्हणतो. (म्हणतो!) उरलेला नाशवंत माल खराब झाला असेल, तर लेखी नोटीस देऊन नष्ट करता येतो.

मागे पंचवटीत एका धाडीत मला पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून उभं केलं होतं. टेम्पोत गोणपाटाखाली पनीरचे ठोकळे, बर्फाचा खडाही नाही, आणि आंबूस वास. काट्यावर वजन झालं, पंचनाम्यावर सह्या झाल्या, मग खड्ड्यात ओतून वर फिनेल. एक आजोबा हळहळले, "गाईला तरी घातलं असतं!" फिनेल त्यासाठीच, नाहीतर रात्री कोणीतरी उकरून नेणार.

तुमच्यावर कधी पंच व्हायची वेळ आली तर वजनाचा आकडा आणि बाटल्यांवरचं सील बघूनच सही करा. मी घाईत वजन न बघताच केली होती.