तांदळातलं नाव, सातबाऱ्यावरचं नाव: गॅझेट करावं का?

सड्यावरची
माहेर देवगड, सासर गुहागर. १९९७ साली लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि मी आडनावासकट अख्खीच बदलले. बाबा गेले तेव्हा वारसनोंदीला भावाने माझं शाळेतलं नाव दिलं. आता सातबाऱ्यावर माहेरची मी, आधार-पॅन-बँकेत सासरची मी. आमराईचं वाटणीपत्र करायचंय आणि एजंट म्हणतो, आधी गॅझेट करा, म्हणजे नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून घ्या. माझं मत, करू नये. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, वर प्रतिज्ञापत्र देईन. इतकी वर्षं चाललेलं नाव आज 'बदललं' म्हणून छापायचं कशाला?

खाडीपल्याड
असंच म्हणत आमची आत्या बसली होती. हायवेच्या चौपदरीकरणात जागा गेली. मोबदल्याच्या नोटिशीवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. दर टेबलावर नवं प्रतिज्ञापत्र, दर खेपेला एसटीने तालुक्याला. शेवटी गॅझेट केलं. अर्ज ऑनलाइन होतो: जुनं नाव, नवं नाव, कारण, फोटो, ओळखपत्र, फी. राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येतं. भरताना काना-मात्रा चारदा बघा, नाहीतर दुरुस्तीसाठी पुन्हा फेरा.

नोंदबुक
गॅझेटला लोक कोर्टाचा हुकूम समजतात. त्याच भाग दोनमध्ये छापलेलं असतं की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. अर्जदाराने दिलं ते छापलं. आणि त्याने सातबारा आपोआप बदलत नाही. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हे चुकत नाही. आमच्याकडे एका गटात वीस-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे चाकरमानी, नोटीस बजावायची कुठे? (निव्वळ लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे, तहसीलदारांकडे जा. ताईंची केस ती नव्हे.)

खाडीपल्याड
जबाबदारी नसेल घेत, पण टेबलावरचा माणूस गप्प बसला ना! आत्याला तेवढंच हवं होतं.

रापणवाली
मी म्हणते उलटं करा, जुन्या नावावर या. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाहीच. फक्त जपून, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि पुढच्या पिढीचा विचार करा: १ मे २०१४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आईचं पदवीवर एक आणि आधारवर दुसरं नाव असेल, तर पोराच्या नावात कुठलं घालणार?

घाटमाथा
पन्नाशीला जुन्या नावावर? पेन्शन, विमा, गॅसची पावती, सगळं पुन्हा? आणि सासरचं नाव लावण्यात कमीपणा तो काय? पूर्वी कुठे होतं हे गॅझेट! बाबासाहेबांचंच बघा: मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, आणि १९०० साली साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद. ती आजही दाखवतात. रजिस्टरात पडलं ते नाव.

रापणवाली
तेव्हा केवायसी नव्हती, दादा. आणि कमीपणाचं कोण बोललं? हेलपाटे बाईच्याच वाट्याला येतात, एवढंच म्हणतेय. तुमचं नाव लग्नात बदललं का?

आजोळ मालवण
अरे बाबांनू, घोळ नावाचो नाय, नोंदीचो आसा. आमच्या आजयेक सगळो वाडो एका नावान हाक मारी, मतदार यादीत दुसरा, रेशनकार्डावर तिसरा. ती तिघांच्याही सह्या करी, अंगठ्यान!

सड्यावरची
हसले खूप. वकिलांना विचारून आले. वाटणीपत्रात दोन्ही नावं लिहायची, 'लग्नापूर्वीचे नाव' म्हणून, सोबत विवाह दाखला जोडायचा. निबंधकांनी अडवलं तरच गॅझेट. खाडीपल्याड, तेव्हा तुमच्या आत्याकडून फॉर्म भरून घेईन. मुलाचं लग्न वैशाखात आहे. होणाऱ्या सुनेला सांगून ठेवलंय, तांदळात हवं ते लिही, आधारला हात लावू नकोस.