काचेच्या चावानला फॅड म्हणणाऱ्यांसाठी

उन्हाळी_चहा: काल इथे एकाने लिहिलं की काचेचा चावान (हिरवा चहा प्यायचा जपानी वाडगा) म्हणजे फोटोपुरतं फॅड, जपानी टी सेरेमनीला फक्त मातीचा वाडगा, बाकी सगळा सोळाव्या शतकातल्या चहागुरू रिक्यूचा अपमान. डोकंच सणकलं, म्हणून सविस्तर लिहितेय. रिक्यूने चोजिरो नावाच्या कुंभाराकडून हाताने घडवलेले राकू वाडगे करून घेतले ते तेव्हा नवेकोरेच होते ना? आज राष्ट्रीय ठेवा असलेला किझाएमोन इदो हा वाडगा कोरियातून आलेला, चहासाठी घडवलेलाच नव्हता. चहावाल्यांनी कायम बाहेरचं, नवं भांडं उचललंय. आणि क्योतोचा जुलै-ऑगस्ट काढलाय का कधी? पारा 35 च्या वर, हवा दमट, म्हणून तर उन्हाळ्यात उथळ हिराजावान काढतात. त्याच कारणाने काच आली. गार पाण्यात बुडवून आणलेला वाडगा, बाहेरून थेंब चिकटलेले आणि काचेतून दिसणारा हिरवा फेस, हे मातीत दिसणार आहे का?

मातीच_बरी: दिसण्याचंच कौतुक! चावान हातात धरायचा असतो हो. राकूची जाड सच्छिद्र माती ऊब हळूहळू हातात पोचवते, काचेत गरम पाणी पडलं की बोटं भाजतात. आणि कोइचा, म्हणजे घट्ट चहा, घोटून दाखवा काचेत. माझ्या डोळ्यांदेखत एका वर्गात काचेचा वाडगा तडकला आणि सगळा चहा समोरच्या बाईंच्या किमोनोवर. तेव्हापासून काच नकोच.

भट्टीवाला: तडकला कारण साध्या सोडा काचेत गरम पाणी ओतलं असणार. आतली बाजू लगेच प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते, ताण येतो, आणि काच जितकी जाड तितकं वाईट. गार मात्चा (हिरव्या चहाची पूड घोटून) करा नाहीतर उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच घ्या. यात काचेचा काय दोष?

पैलू_पैलू: तडकण्याचं सोडा, खरी फसवणूक किरिकोच्या (कापून नक्षी केलेल्या जपानी काचेच्या) नावाने चाललीय, त्यावर कोणीच बोलत नाही. मी एका दुकानातून एदो (जुन्या टोकियोची) किरिको म्हणून निळा वाडगा आणला, घरी येऊन बघतो तर साच्यात दाबलेला. चिरेच्या कडेवरून बोट फिरवा, कापलेली कड धारदार लागते, साच्यातली गोल, बुळबुळीत. 1834 मध्ये कागाया क्यूबेईने एमरी पावडरने काच कापायला सुरुवात केली, त्या कामाला 2002 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला, आणि दुकानदार त्या नावावर काहीही विकतात.

मातीच_बरी: परंपरेचं तुम्ही बोलूच नका. सात्सुमा (आताच्या कागोशिमाकडचा भाग) किरिकोचा कारखाना 1863 च्या ब्रिटिश तोफमाऱ्यात गेला, थोड्या वर्षांत कलाच थांबली, ती 1985 मध्ये कागोशिमात पुन्हा सुरू केली. मध्ये शंभर वर्षांचा खंड, आणि म्हणे परंपरा!

पैलू_पैलू: मग काय मरू द्यायचं होतं? जुन्या वस्तू समोर ठेवून तो रंग उतरवलाय लोकांनी. जाड रंगीत थर तिरका कापत नेऊन गडदापासून पारदर्शकापर्यंत नेतात तो बोकाशी एकदा जवळून बघा आणि मग बोला.

मातीच_बरी: बघितलाय. सुंदर आहे. कपाटात.

भट्टीवाला: कपाटात कशाला? कापकाम बाहेरून असतं, आतून गुळगुळीत, चासेनचे (चहा घोटायच्या रवीचे) बांबूचे दात कुठेच अडकत नाहीत. उलट खरखरीत मातीत लवकर झिजतात.

उन्हाळी_चहा: मूळ मुद्द्यावर या रे. वाबीच, म्हणजे साध्या, अपुऱ्या वस्तूतलं सौंदर्य, हवं असेल तर ओकिनावाची काच बघा. युद्धानंतर अमेरिकन तळांवरच्या रिकाम्या बाटल्या वितळवून केलेली, आत बुडबुडे तसेच ठेवलेले. हाताशी होतं त्यातून घडवलं लोकांनी. याहून वाबी काय असतं?

मातीच_बरी: बाटल्यांचा मुद्दा बरा आहे, तेवढा घेतो. पण कोइचा मातीतच.

उन्हाळी_चहा: कोइचा काचेत करा असं मी कुठे म्हटलं? उसुचा, म्हणजे पातळ चहा, तोही ऐन उन्हाळ्यात, पहिल्यापासून तेवढंच चाललंय माझं.

मातीच_बरी: मग ऑगस्टपुरतं चालू द्या. सप्टेंबर संपला की आत ठेवायचा. आणि त्या गरम पाणीवाल्यांना आधी आवरा.

पैलू_पैलू: ते होईल. पण साच्यातल्या मालाचं कोणी काही बोललंच नाही, त्याचा वेगळा धागा काढतोय.